काकांची दुर्बीण आणि समोरचं पोतं

आलेल्या गिऱ्हाइकाला माल न विकता परत पाठवण्यासाठी एवढा आटापिटा करणारा दुकानदार जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत दुसरा झाला नाही, आणि नेमका तोच माझ्या मावशीचा नवरा निघाला. माझं कॉलेज जुन्नरला झालं, तेव्हा मी तीन वर्षं मावशीकडे राहून काकांच्या सहवासात काढली. पुढे मंचरच्या शाळेत नोकरी लागल्यावरही सुट्टीच्या दिवशी एसटीनं त्यांच्याकडे जायची सवय सुटली नाही. त्यामुळे मी जे सांगतोय ते ऐकीव नाही. काका वस्तूचं कौतुक करत नसत. वस्तू काय करणार नाही, एवढंच सांगत. समोरच्यानं तरीही हट्ट धरला तर फार कष्टी चेहऱ्यानं ती वस्तू कागदात गुंडाळून द्यायचे, जणू काही त्याच्याबरोबर पोरगी सासरी धाडतायत.

खरं तर पोरगी सासरी धाडतानासुद्धा त्यांनी हेच केलं होतं. माझी मावसबहीण बघायला पाहुणे आले, पोहे झाले, आणि मुलाच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं की मुलीला स्वयंपाक येतो ना. काका म्हणाले, "येतो. पण पुरणपोळी फुटते. दहातल्या चार तर फुटतातच. आत्ता सांगितलेलं बरं." मावशी आतल्या दाराआड कपाळाला हात लावून उभी होती. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मग मुलाचा बाप म्हणाला, की आजवर अकरा मुली पाहिल्या, अकराही सुगरण निघाल्या. इथंच पहिल्यांदा काहीतरी खरं ऐकायला मिळालं. लग्न ठरलं. पोळ्या पुढं सासरीही फुटत राहिल्या आणि कुणी काही म्हटलं नाही, कारण तसं आधीच ठरलेलं होतं.

मी परीक्षेला निघालो की मावशी हातावर दही ठेवायची आणि काका आशीर्वाद द्यायचे, "पास होशील असं काय मी म्हनत नाय. पेपर लिहून घरी येशील, एवढं नक्की." एसटी स्टँडवर कुणा परगावच्या भाविकानं ओझरची गाडी कधी आहे म्हणून विचारलं, तर काका सांगायचे की साडेदहाला आहे असं लोक म्हणतात. ओझरच्या विघ्नहराला ते दर चतुर्थीला स्वतः जात, पण देवापुढेसुद्धा त्यांचा सूर तोच. मी एकदा शेजारी उभा राहून ऐकलं होतं. जमतील तेवढी विघ्नं बघ, बाकीची आमची आमी बघतो, असं काहीतरी ते पुटपुटत होते. देवाला उगाच अडचणीत टाकू नये असं त्यांचं म्हणणं होतं.

दुकान होतं बंदुकांच्या दुरुस्तीचं. वडिलांकडून आलेला परवाना आणि वडिलांकडूनच आलेली हत्यारं, एवढ्यावर ते चाललं होतं. डुकरं पीक नासवतात म्हणून आमच्याकडे बऱ्याच शेतकऱ्यांकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची बंदूक असे. कुणाकडे ठासणीची, कुणाकडे एकनळी. बहुतेक बंदुका उडण्यापेक्षा भिंतीवर टांगायच्याच कामाच्या होत्या. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा व्हायच्या, आणि परत मिळाल्या की नळीत कोळ्यांची जाळी धरलेली असायची. ती जाळी काढणं, चाप सैल झाला असेल तर आवळणं, लाकडी दस्ता फुटला असेल तर सांधणं, ही काकांची कामं. लोक त्यांना मिस्त्री म्हणत. हात सोन्यासारखा होता. पण काम झाल्यावर गिऱ्हाइकानं विचारलं, आता ठीक झाली का, तर काका म्हणायचे, "साफ झाली." ठीक झाली असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

अशा या दुकानात नव्वदच्या दशकात मधेच कधीतरी ती दुर्बीण आली. पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं नवीन माल म्हणून नमुन्यादाखल पाठवली होती. वीतभर लांब, काळी कुळकुळीत, बंदुकीच्या नळीवर बसवायची. डोळा लावला की लांबचं जवळ दिसायचं आणि मधोमध एक बारीक काळी फुली. सोबत एक रंगीत पत्रक होतं, त्यावर कुठल्याशा परदेशी बर्फात झाडाएवढ्या शिंगांचा प्राणी आणि त्याच्याकडे दुर्बिणीतून बघणारा एक गोरा माणूस. काकांनी पत्रक दुकानात लावलं, पण त्या प्राण्यावर एक चिठ्ठी डकवून. चिठ्ठीवर लिहिलं होतं : हा प्राणी जुन्नर तालुक्यात मिळत नाही.

दुर्बीण बघायला गावोगावहून माणसं आली. तिच्याबद्दल काय काय बोललं जाई याला सुमार नव्हता. ती लावली की गोळी वाकडी जातच नाही. फुलीत जे आलं ते पडलंच म्हणून समजा. अंधारात दिवसासारखं दिसतं. काका सगळं ऐकून घेत, मग हातातली कानस बाजूला ठेवत आणि बोटांवर मोजत सात कलमं सांगत. मला ती अजून पाठ आहेत. हिच्यानं बंदुकीचा पल्ला वाढत नाही. अंधारात काही दिसत नाही. झाडामागचं दिसत नाही. पाऊस आला की काच धुरकटते. डोळा फार जवळ नेलात तर बंदूक मागं लाथ मारते आणि भुवई फुटते. ठासणीच्या बंदुकीवर ती बसतच नाही, सायकलच्या ट्यूबनं बांधलीत तरी. आणि सातवं, हे सांगताना ते कानस परत उचलायचे : लांबचं मोठं दिसतं, म्हणजे ओळखू येतं असं नाय.

एवढ्यानंही जो हटत नसे त्याच्यासाठी परीक्षा होती. दुकानाच्या मागच्या खिडकीतून ओढा आणि ओढ्यापलीकडचं गायरान दिसे, पार किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत. त्या गायरानात बोराटीच्या एका झुडपाला काकांनी तागाचं एक जुनं पोतं अडकवून ठेवलं होतं. ते गिऱ्हाइकाच्या हातात दुर्बीण देत, झुडूप दाखवत आणि एवढंच विचारत, "काय दिसतंय?" ज्या वर्षी डुकरांनी भुईमूग उकरला त्या वर्षी सगळ्यांना तिथं डुक्कर दिसलं. काहींना तर सुळेही दिसले. मला विचाराल तर मला ससा दिसला होता, आणि तो कान हलवतोय असंही मी छातीठोकपणे सांगितलं होतं. काका माझ्या हातातून दुर्बीण काढून घेत म्हणाले, "तू शिक्षकच हो." ज्याला जे दिसलं, ते त्यानं सांगितलं की काका दुर्बीण खोक्यात घालून ठेवून देत. विकत नाय, एवढंच म्हणत. कारण सांगत नसत.

इतक्या वर्षांत ही परीक्षा एकच माणूस पास झाला, एक निवृत्त चित्रकला शिक्षक. ते बराच वेळ बघून म्हणाले की तपकिरी डाग आहे, कडा नीट कळत नाहीत. काकांना एवढा आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथं दुर्बीण गुंडाळायला घेतली. तेव्हा मास्तर म्हणाले, मी घेऊन काय करू, माझ्याकडे बंदूकच नाही.

पुण्याच्या व्यापाऱ्यानं शेवटी आपला माणूस पाठवला. गळ्यात टाय बांधलेला तो तरुण आमच्या उन्हात घामाघूम झाला होता. एवढ्या दिवसांत नमुन्याचा एक नगही का जात नाही, हे त्याला बघायचं होतं. काकांनी त्याच्यासमोरच एका गिऱ्हाइकाला सातही कलमं ऐकवली. तो म्हणाला, "काका, तुम्ही वस्तूचे फायदे सांगा ना. गिऱ्हाइकाच्या अपेक्षा वाढवायच्या असतात." काकांनी त्यालाही खिडकीशी नेऊन दुर्बीण दिली. त्यानं डोळा लावला आणि दचकून मागं झाला. वाघ आहे, म्हणाला. काकांनी त्याला पाणी दिलं आणि पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. त्यानंतर व्यापाऱ्यानं दुर्बिणीचं नावच काढलं नाही.

काकांचं हे सगळं मला विक्षिप्तपणाच वाटायचा. गावालाही तसंच वाटे, आणि गाव त्याची मजा घेई. पण दोन हजार सालानंतर बिबट्यांचे दिवस आले आणि मजा कमी झाली. धरणांच्या पाण्यावर सगळीकडे ऊस उभा राहिला होता आणि उसात बिबटे राहायला आले होते. कुणाचं कुत्रं गेलं, कुणाची शेळी, आणि मग माणसांवरही हल्ले झाल्याच्या बातम्या यायला लागल्या. बायका रानात एकट्या जाईनात. भिंतीवरच्या बंदुका खाली उतरल्या, आणि दुर्बिणीची विचारपूस करणाऱ्यांची रीघ लागली. काकांनी सात कलमांच्या आधी आणखी एक जोडलं, की बिबट्या मारणं गुन्हा आहे, परवाना डुकराचा आहे. झुडपावरचं पोतं तेच होतं, पण आता त्यात सगळ्यांना बिबट्या दिसायला लागला.

अशातच, मी सुट्टीला आलो असताना, बोरी बुद्रुकचे एक शेतकरी दुकानात आले. नाना म्हणत त्यांना. पन्नाशीचा, सरळ, कमी बोलणारा माणूस. एकनळी बंदूक त्यांनी स्वच्छ ठेवली होती, हे काकांनी बघताक्षणी ओळखलं. त्यांच्या अंगणातलं कुत्रं बिबट्यानं नेलं होतं आणि पंधरा दिवसांत गोठ्यातलं वासरू. काकांनी कायदा सांगितला, कलमं सांगितली, पिंजरा मागा म्हणाले. नाना म्हणाले, "पिंजऱ्याला अर्ज केलाय राव. तवर माझी बायको रोज उसाच्या बांधाला गवत कापती. जनावरं उपाशी ठिवायची का? उद्या तिलाच न्यील. मंग मी काय करू, तेवढं सांगा मिस्त्री."

काकांनी दुर्बीण पुढं केली. नानांनी गायरानाकडे बघितलं. म्हणाले, कान दिसत्यात. काकांनी दुर्बीण खोक्यात घातली. नाना बंदूक उचलून निघून गेले, आणि मला पहिल्यांदाच काकांचा राग आला. त्या माणसाच्या घरावर संकट आलंय आणि हे परीक्षा घेतायत. जेवताना मी तसं बोलूनही दाखवलं. काका ताटावरून उठले आणि हात धुवायला गेले. मग मावशीनं मला ते सांगितलं, जे तीन वर्षं त्या घरात राहूनही मला माहीत नव्हतं.

काका तरुण होते तेव्हाची गोष्ट. आंबेगावच्या डोंगराकडचा एक शेतकरी बंदूक घेऊन आला होता. नळीच्या टोकाला नेम धरायला जो बारीक मणी असतो, ज्याला माशी म्हणतात, ती गळून पडली होती. काकांनी नवी माशी बसवली. काम इतकं सुरेख झालं की त्यांना स्वतःलाच राहवलं नाही. म्हणाले, "आता काय चुकत नाय. बघाल तिथं लागंल." आठ दिवसांनी त्या माणसानं ज्वारीत हललेल्या काळ्या आकारावर गोळी घातली. तो त्याचा धाकटा भाऊ होता. भाऊ वाचला, पण पाय गुडघ्यापासून गेला. "त्या मानसानं आमाला बोल नाय लावला," मावशी म्हणाली. "बंदूक कायमची टाकायला आला, तवा हात जोडून म्हनला, माशी झ्याक बसवली व्हती मिस्त्री. तवापास्नं हे असं झालंय."

मी पुढच्या घासाला लगेच हात घातला नाही. मला फार वाईट वाटलं, आणि थोडी माझी लाजही वाटली.

त्यानंतर महिन्याभरानं, श्रावणात, मी पुन्हा गेलो होतो. बाहेर बारीक भुरभुर चालली होती. काका मागच्या खिडकीशी दुर्बिणीची काच पुसत बसले होते. काच पुसली की ती डोळ्याला लावून गायरानात नजर टाकायची हा त्यांचा शिरस्ता. तशी त्यांनी टाकली आणि समाधानानं म्हणाले, "पोतं हाय जागेवर." एवढ्यात नाना आत आले. डोक्यावरचं पाणी निपटलं, बसले नाहीत. मला परत बघू द्या, म्हणाले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. काकांना वाटे त्यांची परीक्षा गुपित आहे. प्रत्यक्षात अख्ख्या बाजाराला तिचं उत्तर ठाऊक होतं, आणि समोरच्या चहावाल्यानं ते नानांना बाहेरच सांगितलं होतं. तेव्हा नानांनी दुर्बीण डोळ्याला लावली न लावली तोच सांगून टाकलं, "पोतं हाये. तागाचं."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. नानांना कुणीतरी सांगितलंय हे त्यांना कळलं, मलाही कळलं. पण उत्तर बरोबर होतं, आणि बरोबर उत्तराला नाही म्हणायचं तर इतकी वर्षं ज्यांना चुकीच्या उत्तरावर परत पाठवलं त्यांना काय सांगायचं? काका आपल्या शब्दाचे फार पक्के. त्यांनी कागद घेतला, सुतळी घेतली. त्यांचा चेहरा मला बघवेना. ज्या दुर्बिणीसाठी त्यांनी एवढी माणसं दुखावली, ती आता एका घाबरलेल्या माणसाच्या बंदुकीवर बसून उसात जाणार होती, आणि त्या उसाच्या बांधाला रोज एक बाई गवत कापत होती. गुंडाळायच्या आधी, कुठलीही वस्तू गिऱ्हाइकाला देताना बघत तशी, त्यांनी ती एकदा शेवटची डोळ्याला लावली.

मग ती खाली घेतली आणि नानांपुढे धरली. म्हणाले, "पुन्यांदा बघा."

नानांनी बघितलं. मी नुसत्या डोळ्यांनी बघत होतो, तरी मलाही दिसलं. झुडपाशेजारचं पोतं उठून उभं राहिलं. ती एक बाई होती. गवत कापायला आली होती, भुरभुर लागली म्हणून झुडपावर आयतंच सापडलेलं पोतं तिनं काढलं, एक कोपरा दुसऱ्यात खोचून त्याची खोळ केली आणि डोक्यावरून पाठीवर घेऊन ती वाकून कापत बसली होती. आता तिनं भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि चालू लागली. काकांचं पोतं तिच्याबरोबर वस्तीकडे निघालं.

नाना ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग दुर्बीण हलकेच गल्ल्यावर ठेवली आणि खाली बसले. म्हणाले, "आमच्या घरचीबी आशीच खोळ घेती. उसाच्या बांधाला."

मला वाटलं, आता काका बोलतील. इतक्या वर्षांचं त्यांचं म्हणणं त्या बाईनं एका क्षणात खरं करून दाखवलं होतं. पण त्यांचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. ते नानांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "तुमी यायच्या आदी मी बघितलं व्हतं, नाना. मीबी पोतंच म्हनलो." मग मी दोघांसाठी चहा आणला.

दुर्बीण त्या दिवसापासून विक्रीला राहिली नाही. पत्रक उतरलं, खोकं फळीवर गेलं. कुणी फारच विचारलं तर काका सात कलमं सांगत आणि आता शेवटी एक आणखी : जो विकतो त्यालाही दिसत नाही. गायरानात दुसरं पोतं त्यांनी लावलं नाही. नानांनी बंदूक परत भिंतीला टांगली. महिनाभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन वनखात्याच्या खेपा घातल्या तेव्हा पिंजरा आला, आणि बायकोसाठी त्यांनी लाल भडक मेणकापडाची खोळ करून घेतली, कोसावरून दिसेल अशी. ती दाखवायला ते मुद्दाम जुन्नरला आले होते. काकांनी खोळ उलटसुलट करून बघितली. चांगली आहे, म्हणाले, पण लाल आहे म्हणजे कुणी बघूनच बार काढील असं समजू नका. नाना हसले. दोघांचं चांगलंच जमलं मग. नाना बाजाराला आले की दुकानात टेकत, आणि दोघं मिळून काय काय होणार नाही याची चर्चा करत.

पुढं सहा-सात वर्षांनी काकांना आजारानं गाठलं. पुण्याच्या तरुण डॉक्टरनं ठणठणीत बरे व्हाल म्हणून सांगितलं, तेव्हा काका नाराज झाले. मला जवळ बोलावून म्हणाले, "पोरगा हुशार हाय, पन कलमं सांगत नाय." मावशीची ते माफी वगैरे मागतील असं मला वाटलं नव्हतं, आणि त्यांनी मागितलीही नाही. एवढंच म्हणाले की लग्नाच्या वेळी तुला काही कबूल केलं नव्हतं, त्यामुळे बरं झालं. मावशी हसली आणि पदर तोंडाशी धरून आत गेली. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही कुणाला आशीर्वाद देताना माझी जीभ अडखळल्यासारखी होते, आणि त्या वेळी ते फार आठवतात.

दहाव्याला नाना आले होते. घाटावरून परतल्यावर माणसं पांगली, तरी ते दुकानात थांबले. फळीवरचं खोकं त्यांनी काढलं, काच धोतराच्या सोग्यानं पुसली आणि मागच्या खिडकीत जाऊन दुर्बीण डोळ्याला लावली. गायरानात आता दोन-चार घरं झाली होती, पण बोराटीचं झुडूप तिथंच होतं. मावशी दारात येऊन उभी राहिली. तिनं विचारलं, "काय दिसतंय, भाऊ?"

नानांनी डोळा काढला नाही. म्हणाले, "आत्ताच काय सांगता येत न्हाई, वहिनी. थांबतो जरा."

मावशीनं चहा टाकला, गाळला, त्यांच्याजवळ आणून ठेवला. तो निवून साय धरेपर्यंत नाना तसेच खिडकीत उभे होते.